आग विझवायला पाणी किती लागतं? धाराशिवच्या निमित्ताने एक सोपा हिशोब

आग लागली की १०१ ला फोन करायचा, अग्निशमन दलाचा बंब येतो आणि पाणी मारून आग विझवतो. आपल्यापैकी बहुतेकांना एवढंच माहीत असतं. पण बंबात पाणी किती असतं? ते किती वेळ पुरतं? संपलं की पुढचं पाणी कुठून येतं? हे तीन प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

धाराशिव जिल्ह्यात ते विचारायलाच हवेत, कारण आपल्याकडे आगीचा मोसम आणि टंचाईचा मोसम एकच आहे. फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत उसाचं पाचट, कडब्याच्या गंजी आणि बालाघाटच्या डोंगरावरचं गवत कोरडं ठणठणीत असतं. नेमक्या त्याच महिन्यांत तलावांचा तळ दिसायला लागतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अग्निशमन अधिकारी नाही. पण रोज ज्या प्रश्नाशी माझा संबंध येतो तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. सर्व्हर रोजच्या लोडला नीट चालतो, मग एका क्षणी चौपट लोड येतो आणि सगळं बसतं. पाणीपुरवठ्याचंही तसंच असतं. कसं ते टप्प्याटप्प्याने पाहू.

बंब किती मिनिटं चालतो?

आपल्याकडच्या साध्या बंबात साधारण ४,५०० ते ५,००० लिटर पाणी मावतं. होजच्या एका तोंडातून मिनिटाला साधारण ४०० ते ५०० लिटर पाणी बाहेर पडतं. म्हणजे ५,००० लिटरचा बंब एका होजवर जेमतेम ११ मिनिटं चालतो. दोन होज लावले तर साडेपाच मिनिटं.

त्यानंतर बंबाला पुन्हा भरायला जावं लागतं. समजा पाणी भरायची जागा ५ किलोमीटरवर आहे. जायला १० मिनिटं, भरायला ८, यायला १० आणि पाणी मारायला ११, असा ३९ मिनिटांचा एक फेरा झाला. एक होज अखंड चालू ठेवायचा असेल तर असे चार बंब लागतील.

आता पाण्याची टाकी आगीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे असं समजा. जाण्यायेण्याची मिळून ३ मिनिटं, भरायला ८, मारायला ११. फेरा २२ मिनिटांचा, म्हणजे दोन बंबांत काम भागतं. जवळ भरलेली टाकी असणं हे दोन जादा बंब विकत घेण्याइतकंच कामाचं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लॉस एंजेलिसमध्ये हायड्रंट कोरडे का पडले?

जगातल्या श्रीमंत शहरांत रस्त्यावर हायड्रंट असतात. हायड्रंट म्हणजे जलवाहिनीला जोडलेला मोठा नळ. बंब तिथे होज जोडतो, त्यामुळे फेरे मारावे लागत नाहीत. तरीही ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये वणवे शहरात घुसले तेव्हा पॅसिफिक पॅलिसेड्स भागातल्या उंचावरच्या हायड्रंटमधून पाणी येईना. तिथल्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन मोठ्या आगींत मिळून तीसहून जास्त माणसं गेली आणि १६ हजारांहून जास्त बांधकामं जळाली.

पॅलिसेड्समध्ये डोंगरावर तीन टाक्या होत्या, प्रत्येकी सुमारे ३८ लाख लिटरच्या. तिन्ही आधीच काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. पहिली त्याच दिवशी दुपारी पावणेपाचला संपली, दुसरी रात्री साडेआठला, तिसरी पहाटे तीनला. शहरात पाणी होतं, पण त्या भागात सलग १५ तास मागणी नेहमीच्या चौपट होती आणि खालून वर टाकीत पाणी चढण्याचा वेग त्याला पुरा पडत नव्हता.

मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर पॉवर बँक भरलेली आहे, पण केबल बारीक आहे आणि फोनवर गेम चालू आहे. चार्जिंग लावूनही बॅटरी उतरतच जाते. साठा किती आहे आणि तो किती वेगाने मिळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच भागातलं सांता यनेझ नावाचं सुमारे ४४ कोटी लिटरचं जलाशय झाकणाच्या दुरुस्तीसाठी कित्येक महिने रिकामं होतं. त्यावरून मोठं राजकारण झालं. गव्हर्नरांनी चौकशी लावली, विरोधकांनी त्यांनाच दोषी धरलं. जलाशय भरलेलं असतं तर काही काळ दाब टिकला असता का, यावर वाद झाले. पण पाणीपुरवठ्यातले जाणकार पहिल्यापासून एक गोष्ट सांगत होते: शहरी जलवाहिन्या एकदोन इमारतींच्या आगीसाठी बनवतात, शेकडो घरं एकाच वेळी पेटतील असं धरून नाही.

धाराशिव शहराचा हिशोब

लॉस एंजेलिसचे वारे आणि लाकडी घरं आपल्याकडे नाहीत. आपला प्रश्न वेगळा आहे, आणि एका अर्थाने जास्त मूलभूत. मराठवाड्यातल्या बऱ्याच शहरांत नळाला पाणी काही दिवसांआड आणि ठरावीक वेळच येतं. मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. रिकाम्या वाहिनीवर कितीही हायड्रंट बसवले तरी त्यातून हवाच येणार.

मग नियम काय सांगतो? पाणीपुरवठा योजना आखताना केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेचं मॅन्युअल वापरतात. आगीसाठी किती पाणी धरायचं याचं सूत्र त्यात आहे. ५० हजारांहून जास्त वस्ती असेल तर लोकसंख्या हजारांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १०० ने गुणा. उत्तर हजार लिटरमध्ये येतं.

२०११ च्या जनगणनेत धाराशिव शहराची लोकसंख्या साधारण १ लाख १२ हजार होती. ११२ चं वर्गमूळ सुमारे १०.५८. म्हणून आगीसाठीचं पाणी झालं सुमारे १० लाख ५८ हजार लिटर. आज वस्ती वाढली आहे, त्यामुळे आकडा थोडा वरच जाईल.

हे किती झालं? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, ती बातमी तुम्ही पाहिली किंवा ऐकली असेल. कळंब तालुक्याला लागून असलेलं मांजरा धरण आटल्यामुळे लातूरवर ती वेळ आली होती. त्या पहिल्या गाडीला १० टँकर डबे होते आणि पाणी होतं सुमारे ५ लाख लिटर. म्हणजे सूत्राप्रमाणे धाराशिव शहराने आगीसाठी तशा दोन गाड्या भरतील एवढं पाणी धरायला हवं.

मॅन्युअल पुढे सांगतं की यातला एक-तृतीयांश हिस्सा शहराच्या जलकुंभांत राखून ठेवावा आणि उरलेलं पाणी मोक्याच्या जागी वेगळ्या टाक्यांत साठवावं. धाराशिवपुरतं बोलायचं तर जलकुंभांत साडेतीन लाख लिटर आणि बाहेर ५०-५० हजार लिटरच्या साधारण १४ टाक्या. वरचा ३९ आणि २२ मिनिटांचा हिशोब इथे लागू पडतो. टाक्या विखुरलेल्या असतील तर फेरे कमी होतात.

आता खरा अवघड प्रश्न. एप्रिलमध्ये नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल आणि लोक घागरी घेऊन रांगेत उभे असतील, तर साडेतीन लाख लिटर पाणी "आगीसाठी राखीव" म्हणून टाकीत धरून ठेवायची हिंमत कोणता अधिकारी किंवा नगरसेवक करील? २०१६ च्या मार्चमध्ये लातूरला पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावावं लागलं होतं, हे विसरू नका.

पण हिशोब करून बघा. साडेतीन लाख लिटर भागिले १ लाख १२ हजार माणसं म्हणजे माणशी सुमारे ३ लिटर. तेही रोज नाही, टाकी भरताना एकदाच. शिवाय बाहेरच्या टाक्यांतलं पाणी प्यायच्या दर्जाचं असायची गरज नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी किंवा पिण्यालायक नसलेल्या बोअरचं पाणीही आगीवर चालतं. धाराशिवला उजनीचं पाणी जवळपास १०० किलोमीटरवरून येतं. ते महागडं पाणी आगीसाठी वापरायलाच हवं असं नाही.

विहिरीत पाणी आहे, मग बंब भरत का नाही?

गावाकडे हा प्रश्न नेहमी येतो. उसाला आग लागली, बाजूला विहीर आहे, तळाला पाणीही दिसतंय, तरी बंब ते ओढू शकत नाही.

कारण भौतिकशास्त्रातलं आहे. बंबाचा पंप वरून पाणी "ओढत" नसतो. तो पाइपमधली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १० मीटरच्या आसपास चढवू शकतो. प्रत्यक्षात गळती आणि घर्षण धरून ७ मीटरच्या पुढे पंपाचा भरवसा राहत नाही. म्हणजे पाण्याची पातळी साधारण २३ फुटांच्या खाली गेली की बंबाच्या दृष्टीने ती विहीर कोरडीच. मराठवाड्यात उन्हाळ्यात विहिरी याच्या कितीतरी खाली जातात.

पाण्यात बुडवलेली मोटर खालून वर ढकलते, म्हणून तिला ही मर्यादा नाही. पण तिला वीज लागते, आणि शेतीची थ्री-फेज लाइन ठरावीक तासच असते. उपाय साधा आहे. लाइन असताना मोटरने जमिनीवरची टाकी किंवा हौद भरून ठेवायचा. ज्या शेततळ्यात उन्हाळ्यातही पाणी टिकतं, तिथपर्यंत बंब जाईल असा रस्ता आहे का हे आधीच बघून ठेवायचं.

अंतराचाही हिशोब आहे. शहरात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत बंब पोहोचावा, असा देशपातळीवरचा निकष आहे. ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाने २० मिनिटांत १५ किलोमीटर अंतर होतं. तुमच्या गावापासून जवळचं अग्निशमन केंद्र किती किलोमीटरवर आहे, ते मॅपवर आत्ताच बघा.

उपग्रहाला आग दिसते, पण किती?

नासाच्या फर्म्स या मोफत नकाशावर जगभरातल्या आगींचे ठिपके दिसतात. भारतात डेहराडूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था हाच उपग्रह डेटा वापरून वन विभागाला आणि नोंदणी केलेल्या नागरिकांना वणव्याचे अलर्ट पाठवते. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यासारख्या भागाजवळ राहणाऱ्यांना हे उपयोगी आहे. पण ठिपका बघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. एक ठिपका म्हणजे नेमकी जागा नाही. व्हीआयआयआरएस सेन्सरचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा असतो, जुन्या मोडिस सेन्सरचा १ किलोमीटरचा.

२. सेन्सर उष्णता ओळखतो, कारण नाही. शेतात पेटवलेलं पाचटही ठिपका म्हणून दिसू शकतं.

३. व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. मधल्या वेळेत लागून विझलेली आग त्यांना दिसतच नाही.

म्हणून उपग्रह हा फोन कॉलला पर्याय नाही. धूर दिसला की फोन करायचा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

मोबाइलवर वाजणारा तो मोठा भोंगा

२०२३ मध्ये अनेकांच्या फोनवर अचानक जोरात आवाज होऊन सरकारी चाचणी संदेश आला होता. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबरला जातो, त्यामुळे नेटवर्क तुंबलं की अडकतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर त्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदाच सांगतो. त्याला तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का ते तपासा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं "सचेत" ॲपही घेऊन ठेवा.

पण तंत्रज्ञानामागे माणूस असतो. लॉस एंजेलिसमध्ये ९ जानेवारी २०२५ ला एका लहान भागासाठीचा "घर सोडा" हा संदेश चुकून सुमारे १ कोटी लोकांच्या संपूर्ण काउंटीला गेला. उलट ईटन आगीत पश्चिम अल्टाडीनाच्या लोकांना घर सोडायचा आदेश कित्येक तास उशिरा मिळाला आणि त्या आगीतले बहुतेक मृत्यू त्याच भागात झाले. कुणाला, कधी, कोणत्या भाषेत काय सांगायचं, हे शांततेच्या काळात ठरवून ठेवावं लागतं.

तयारीला पैसा आणि मतं का मिळत नाहीत?

आपल्या जिल्ह्याला आपत्ती नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर आणि उमरगा भागातली गावं उद्ध्वस्त झाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीने मोठं पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी वसली. त्यानंतरच महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे बनायला लागले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा तर २००५ चा. सप्टेंबर २०२५ मध्ये याच दुष्काळी जिल्ह्यात परंडा आणि भूम भागातल्या पुरातून लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं.

दरवेळी क्रम तोच: आधी घटना, मग आदेश. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला १० नवजात बाळं आगीत दगावली. राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. १८ मे २०२५ ला आपल्या शेजारी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा जीव गेला. खरं तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आधीपासूनच आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं "फॉर्म बी" प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं.

असं का होतं? अमेरिकेत अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी २००९ मध्ये निवडणुका आणि आपत्ती खर्चाचा मेळ घालून पाहिला. मतदार आपत्तीनंतर दिलेल्या मदतीला मतं देतात, आधीच्या तयारीला देत नाहीत, असं त्यांना आढळलं. तयारीवरच्या एका डॉलरमुळे पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचतं, हा त्यांचाच अंदाज. आपल्याकडेही जलकुंभाचं भूमिपूजन होतं, त्यातल्या राखीव हिश्शाचं होत नाही. न लागलेल्या आगीचा फोटो काढता येत नाही.

पैशाची विभागणी बघा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग धोका कमी करण्यासाठी आणि १० टक्के तयारीसाठी ठेवला. उरलेला ७० टक्के मदत आणि पुनर्बांधणीसाठी. अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणाला राष्ट्रीय पातळीवर ५,००० कोटी वेगळे काढले, पण त्यातून निधी घ्यायचा तर महाराष्ट्रासारख्या राज्याला २५ टक्के वाटा स्वतः घालावा लागतो.

जबाबदारी कुणाची? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा आणि अग्निशमन ही दोन्ही कामं नगरपालिकांच्या यादीत घातली. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. पण २०२२ नंतर कित्येक वर्षं निवडणुका रखडल्या आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिका, जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात "आमच्या वॉर्डात टाकी कुठे आहे?" असं विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता.

मोबाइलवरून आज काय करता येईल?

- हे नंबर सेव्ह करा: अग्निशमन १०१, सर्व आपत्कालीन ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, वन विभाग १९२६. स्थानिक अग्निशमन केंद्राचा थेट नंबरही मिळवा.
- घराचं, शेताचं लोकेशन मॅपवर सेव्ह करा. फोनवर सांगताना गावाचं नाव, जवळचं मंदिर किंवा शाळा, आणि शेत असेल तर जवळचा डीपी आणि रस्ता कुठून आहे ते सांगा.
- गावातल्या भरलेल्या टाक्या, हौद, शेततळी एका मॅपवर टाका. बंब तिथे पोहोचतो का आणि पाणी ७ मीटरच्या आत आहे का, हे सोबत लिहा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तपासा.
- जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपत्ती व्यवस्थापनाचा विभाग शोधा. कायद्याने जिल्हा आराखडा दरवर्षी अद्ययावत व्हायला हवा. त्यावरचं वर्ष वाचा.
- माहिती अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लागतो. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर ते कार्यालय दिसत नसेल तर कागदी अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा.

अर्जात चारच प्रश्न पुरतात. शहरात आगीसाठी किती लिटर पाणी राखीव आहे? ते कोणकोणत्या टाक्यांत आहे? चालू स्थितीतले बंब किती? एप्रिल-मेमध्ये त्या टाक्या शेवटच्या कधी तपासल्या?

उत्तरात आकडा आला तर तो १० लाख ५८ हजारांशी ताडून बघा आणि पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला दाखवा. आकडाच आला नाही, तर तेही दाखवा.